साडेसहा फुटी रॉडचा जिताडा

हरिहरेश्वरला एका घरगुती खानावळीत, जेवायच्या खोलीत, माझा एक फोटो लावलेला आहे. एका हाताने मी कमरेएवढा जिताडा जबड्याला धरून उचलला आहे, दुसऱ्या हातात नऊ फुटी रॉड आहे आणि चौकटीखाली पट्टीवर माझं नाव आहे. तो मासा मी पकडलेला नाही. माझ्या बायकोने, शालनने, पकडला होता, आणि तोही त्या रॉडवर नव्हे. फोटो उतरवावा, निदान खालचं नाव बदलावं, एवढ्यासाठी मी यंदा दिवाळीनंतर रायगडच्या किनाऱ्याला जाऊन आलो.

एका फोटोने काय बिघडतं, असं कुणीही म्हणेल. पण त्या खानावळीत गळाने मासेमारी करायचा नाद असलेली मंडळी उतरतात. ती फोटो पाहतात, मालकाकडून माझा नंबर घेतात आणि मला फोन करतात. काका, कोणता रॉड घेऊ? रीळ किती वेगाचं? आणि मी सांगत आलो: रॉड नऊ फुटी, रीळ वेगवान. पिंपरीच्या कारखान्यात मी जन्मभर दातेरी चाकं कापली, त्यामुळे रिळाच्या आतल्या चाकांबद्दल मी बोललो की लोक ऐकून घेत. फोटोमुळे तर त्याला पुरावाच मिळाला होता.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जिताडा फसवण्यासाठी लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा असतो, त्याला लूअर म्हणतात. काही लूअर बुडतात, काही पाण्यावर तरंगतात. तरंगता लूअर नुसता ओढून भागत नाही. रॉडचं टोक खाली ठेवून बारीक हिसके द्यायचे, म्हणजे तो घायाळ मासोळीसारखा डावी-उजवी मान टाकत चालतो. प्रत्येक हिसक्यानंतर दोरी ढिली पडते, तेवढीच रिळाने गोळा करायची. रिळाचं हँडल एकदा फिरवल्यावर दोरी गुंडाळणारी फिरकी पाच वेळा फिरली तर ते संथ, सात वेळा फिरली तर वेगवान. संथ रीळ एका फेऱ्यात दीड हात दोरी आणतं, वेगवान दोन हातांहून जरा जास्त. गणित एवढंच आहे.

मुरूड

पुण्याहून हरिहरेश्वरला जायचं तर ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून सरळ जाता येतं. आम्ही दोघं मात्र नेहमी मुरूडवरून जायचो, कारण शालनला आगरदांड्याची फेरी आवडायची. मीही तसाच गेलो. त्यात तिची आठवण किती आणि खानावळीत पोचणं एक दिवस लांबवणं किती, हे मला नक्की सांगता येणार नाही.

दोन्ही रॉड मी प्लंबरच्या जाड पाइपात घालून नेतो. माझा नऊ फुटी दोन तुकड्यांत मोडतो, तिचा साडेसहा फुटीही मोडतो, तरी एसटीच्या दारातून पाइप आत घेताना रस्सीखेच होतेच. कंडक्टरने विचारलं, नळजोडणीला निघालात का. मी म्हटलं, मासे धरायला.

"मुरूडात मासे विकत मिळतात की, आजोबा," तो म्हणाला आणि पाइपाला तिकीट न लावता पुढे गेला.

ही थट्टा ऐकायला शेजारी ती नव्हती. असती तर पुढच्या स्टॉपपर्यंत तिने त्याच्या घरात कोण मासे खातं, कोण नाही, सगळं काढून घेतलं असतं. मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही. इतकी वर्षं प्रवासात माणसं भेटायची ती तिच्यामुळे, हे मला या वेळी कळलं. खिडकीतून मी समुद्र पाहत बसलो.

मुरूडला संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा बाईने विचारलं, "एकच ताट?" मी मान हलवली. बांगड्याचं कालवण होतं, तांदळाची भाकरी, सोलकढी. आमच्या साताऱ्याकडे मासा हा कधीमधी रविवारी ठरवून करायचा बेत, तोही कुरकुरीत तळून. इथे ताटात मासा नसेल तर उपास तरी असतो नाहीतर समुद्र खवळलेला असतो. शालन साताऱ्याचीच, विहिरीत पोहायला शिकलेली. तिने पहिल्याच खेपेला इथल्या बायांकडून कालवणात चिंच कधी आणि कोकम कधी हे शिकून घेतलं होतं. मी भाकरी दुसऱ्यांदा मागितली नाही. एकट्याने जेवताना पोट लवकर भरतं.

आगरदांडा ते दिघी

फेरीबोटीवर गाड्या चढत होत्या. मी कठड्याशी उभा होतो. एका मोटरसायकलच्या बाजूला बांधलेला लांब रॉड दिसला, आणि त्या रॉडचा मालक माझ्याकडे टक लावून पाहतो आहे हेही दिसलं. चाळिशीचा, जाळीदार टोपी, दाढी बारीक छाटलेली. तो जवळ आला.

"चाचा, तुम्ही हरेश्वरच्या फोटोतले ना?"

त्याचं नाव इरफान. बोर्ली पंचतनला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, शुक्रवारी दुपारनंतर बंद असतं, तेव्हा वडिलांची छोटी होडी घेऊन खाडीत जातो. त्याने मला फोन केला होता म्हणे. मला आठवलं नाही. मी काय सांगितलं ते मात्र त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं: नऊ फुटी, सातचं रीळ, डोळे मिटून घ्या.

"डोळे मिटूनच घेतला," तो म्हणाला. "आता उघडले तर होडीत मावत नाही."

होडीतला त्याचा अनुभव त्याने बोटीच्या कठड्यावर हात फिरवून दाखवला. होडी पाण्यापासून वीतभर उंच. तिच्यात बसून नऊ फुटी रॉड खाली झुकवला की टोक पाण्यात बुडतं. टोक बुडू नये म्हणून वर धरला तर लूअर मान टाकत नाही, नुसता नाक वर करून सरळ येतो. मनगट दुखतं. वर्ष झालं, जिताडा एकही नाही. एकदा उसळला होता, पण याचं रीळ इतक्या वेगाने दोरी खेचत होतं की माशाने तोंड उघडेपर्यंत लूअर पुढे निघून गेला. त्याचा मेहुणा आता त्याला झेंडेवाला म्हणतो.

मी त्याला समजावलं. उंच खडकावर उभं राहून उघड्या समुद्रात लांब फेकायचं असेल, खाली लाटा असतील, वाऱ्याने दोरीला पोट येत असेल, तिथे लांब रॉड हवा. लांब रॉडचा हिसका मोठा, म्हणून ढील जास्त, म्हणून ती खायला रीळही वेगवान. पण पाण्याला लागून उभं राहायचं असेल किंवा बसायचं असेल तर आखूड रॉड. त्याचा हिसका छोटा, ढील थोडी, संथ रिळाला पुरते. आखूड रॉडला वेगवान रीळ लावलं तर ढिलीपेक्षा जास्त दोरी येते आणि लूअर पळतो. आधी आपण कुठे उभे आहोत ते बघायचं, मग आपली उंची, मग रॉड, आणि रीळ सगळ्यात शेवटी.

इरफान लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने साहजिक प्रश्न विचारला.

"मग तुम्ही तो खाडीत उभं राहून नऊ फुटीवर कसा काढला?"

दिघीचा धक्का जवळ येत होता. मला बोलायला वेळ होता.

"नशीब," मी म्हणालो.

तो हसला, मला बोर्लीपर्यंत मागे बसवून घेऊन गेला. पाइप आमच्या दोघांच्या मध्ये उभा. दुकानात त्याने चहा आणि पाव मागवला, पैसे घेतले नाहीत. निघताना मी त्याला म्हटलं, जमलं तर उद्या सकाळी खानावळीत ये, एक गोष्ट दाखवायची आहे. कोणती, ते सांगितलं नाही. पुढच्या एसटीत बसल्यावर मला माझीच लाज वाटली. मी ज्या कामाला निघालो होतो, त्याची पहिली संधी मी बोटीवरून पाण्यात टाकली होती.

हरिहरेश्वर

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर यात्रेकरूंच्या गाड्या होत्या. खानावळ त्याच्या जरा अलीकडे, सुपारीच्या वाडीत आहे. पूर्वी ती तात्या चालवत. ते गेल्यावर मुलगा दिनेश मुंबईची नोकरी सोडून आला. स्वयंपाक अजून तात्यांच्या बायकोच्या हातात आहे. त्यांना मी वहिनी म्हणतो, त्या मला भाऊ. शालन गेल्यापासूनची ही माझी पहिली खेप. वहिनींनी दारातच माझ्या मागे पाहिलं, सवयीने, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

फोटो तिथेच होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. दर खेपेला तसाच बसत असे.

त्या दिवशीची हकीकत अशी. भरती ओसरायला लागली होती, सकाळ होती. बागमांडल्याच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी सखल कातळ आहे. शालन गुडघाभर पाण्यात उभी होती. तिची उंची पाच फुटांना कमी. हातात तिचा साडेसहा फुटी रॉड, त्यावर पाचचं संथ रीळ. पुण्याच्या दुकानात तिने तो स्वतः निवडला होता आणि मी त्याला खेळणं म्हणालो होतो. मी लांब वरच्या खडकावर नऊ फुटीने समुद्राकडे फेकत होतो. तिची हाक ऐकली तेव्हा तिचा रॉड पार वाकला होता. मी धावत गेलो. तिने मला हात लावू दिला नाही, मासा दमवून कडेला आणला, आणि मी फक्त जाळी खाली घातली. दोरी कापून, लूअर जबड्यात तसाच ठेवून, मासा आम्ही खानावळीत आणला.

तात्या कॅमेरा घेऊन आले. मासा त्यांनी माझ्या हातात दिला, कारण पुरुष मी होतो. शालन म्हणाली, धरा तुम्हीच, मला उचलायचा नाही. एवढंच म्हणाली. तात्या म्हणाले, रॉडही घ्या, आणि भिंतीला टेकलेला माझा रॉड पुढे केला. तिचा ओसरीवर आडवा होता. मी घेतला. दोन शब्द बोलायचे होते, ते बोललो नाही.

त्या घरात एक रीत आहे. मोठा मासा आला की त्याचं डोकं ज्याने धरला त्याच्या ताटात जातं, मग तो घरधनी असो की गडी. त्या दुपारी तात्यांनी जिताड्याचं डोकं माझ्या ताटात वाढलं. समोर शालन बसली होती. मी ते खाल्लं. गालाचं मांस लोण्यासारखं होतं आणि मी ते चांगलं झालंय असं म्हणालोही.

पुढच्या खेपेला फोटो भिंतीवर होता आणि खाली पट्टी. तिने वाचली. खोलीत आल्यावर म्हणाली, "रॉड तरी माझा लावायचा." मी म्हटलं, सांगू तात्यांना. सांगितलं नाही. मग फोन यायला लागले. सुरुवातीला मी फोनवर बोलत असताना ती आतून म्हणायची, आखूड सांगा, आखूड. नंतर म्हणायची बंद झाली. नंतर किनाऱ्यावर यायची बंद झाली, खोलीत बसायची. कुणी विचारलं तर मी सांगायचो, गुडघे दुखतात आणि तिला त्यात फारसा रस नव्हताच. तिचे गुडघे शेवटपर्यंत चांगले होते.

चहा झाल्यावर मी दिनेशला आणि वहिनींना हे सगळं सांगितलं. डोक्याचंही सांगितलं. ऐकताना दिनेश खुर्चीवर पुढे सरकला होता. मी थांबलो. मग त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"काका, काकींवर तुमचं केवढं प्रेम आहे हो. स्वतःचा मासा त्यांच्या नावावर करायला आलात."

मी म्हटलं, करायला नाही आलो, तो तिचाच आहे.

"तेच म्हणतो मी."

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "वयनी गेल्यापासनं तुमी लय हळवं झालाव. आमचे हे गेले तवा मला पन वाटायचं, घरातलं सगलं त्यांनीच केलं, मी काय केलंच न्हाय. तसं असतंय ते."

मी पुन्हा सांगितलं. जितकं ठासून सांगितलं तितके त्यांचे डोळे भरून आले. दिनेश तर म्हणाला, ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायला पाहिजे, फोटो असू द्या आणि खाली ही गोष्ट. मी किती मोठ्या मनाचा आहे ते लोकांना कळेल.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. ते मला मोठ्या मनाचा म्हणाले तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. मासा तिला द्यायचा आणि मोठेपणा आपण घ्यायचा. मी तिथे गप्प बसलो असतो तर जमलंही असतं.

खाडीचं तोंड

सकाळी दोन्ही रॉड घेऊन एकटाच गेलो. कातळावर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार पात्यासारखी. पूर्वी ती पुढे चालायची आणि पाय कुठे टाकायचा ते दाखवायची. या वेळी माझा घोटा कापला. खारं पाणी झोंबलं, मग झोंबायचं थांबलं.

ती जिथे उभी होती तिथे मी उभा राहिलो. आधी माझा रॉड. मी तिच्याहून वीतभर उंच आहे, तरी टोक खाली केल्याबरोबर पाण्यावर आपटलं. वर धरला तर लूअर सरळ आला, इरफान म्हणाला तसा. इतकी वर्षं मी हा रॉड वरच्या खडकावरून चालवला आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना तो घ्यायला लावला. खाली उतरून कधी पाहिलंच नव्हतं.

मग तिचा रॉड. मुठीचा बूच तिच्या हाताने काळा पडला होता. लूअर जवळच पडला, माझ्या नेहमीच्या निम्म्या अंतरावर. पण छोटे हिसके दिल्याबरोबर तो मान टाकत चालायला लागला. रीळ एवढं संथ, की मला घाई करायची असली तरी करता येईना. दोन हिसके, अर्धा फेरा. दोन हिसके, अर्धा फेरा. ती मध्येच थांबायची हेही मला आठवलं. लूअर नुसता तरंगत ठेवायची, त्याच्याभोवतीची वलयं विरेपर्यंत. मी वरून ओरडायचो, झोप लागली का?

मी थांबलो. वलयं विरली. तिवरांच्या सावलीतून पाणी फुगलं आणि जिताड्याने तोंड उघडलं, डब्यावर हात मारावा तसा आवाज झाला. मी हिसका मारला. त्याने लूअर नीट तोंडात घेतलाच नव्हता. वजन हाताला लागेपर्यंत थांबायचं असतं, हे मी कितीतरी जणांना फोनवर सांगितलं आहे. लूअर हवेतून माझ्या खांद्याजवळून गेला आणि मागच्या कातळावर आपटला.

पुन्हा काही उठलं नाही. ओहोटी पुरती लागेपर्यंत मी तिथे उभा होतो. पलीकडच्या तीरावर कुणी होडी ढकलत होतं, त्याच्याखेरीज माणूस नव्हता. मासा सुटला की वळून जिच्याकडे बघायचं ती वर किंवा खाली कुठेच नव्हती. मी तिचा रॉड गोड्या पाण्याने पुसला. हे काम ती माझ्या रॉडचंही करायची.

परत आलो तर इरफानची मोटरसायकल अंगणात होती. तो जेवायच्या खोलीत फोटोपुढे उभा होता. दिनेशने त्याला माझी मोठ्या मनाची गोष्ट सांगून टाकली होती. मला पाहून इरफान छातीवर हात ठेवून जरा झुकला. मग पुन्हा फोटोकडे वळला, मोबाइलची बत्ती लावली, आणि काचेवर धरली.

"चाचा, या माशाच्या तोंडात लूअर आहे. लाल डोक्याचा, पांढऱ्या अंगाचा."

मी म्हटलं, हो.

"आणि तुमच्या रॉडच्या कडीला हा निळा लटकतोय."

रिळाच्या जरा वर रॉडला एक छोटी कडी असते. वापरात नसताना लूअरचा गळ तिच्यात अडकवून दोरी ताणून ठेवतात, म्हणजे तो लोंबत नाही. फोटोत माझ्या रॉडच्या कडीला माझा निळा लूअर नीट अडकवलेला होता आणि दोरी टोकापर्यंत ताणलेली होती. मी पाठ करून बसत आलो होतो. आणि ज्या कुणी पाहिलं त्याने मासा पाहिला, माझं तोंड पाहिलं, रॉडची लांबी पाहिली.

दिनेशने खुर्ची घेतली, वर चढला, नाक काचेला लावलं. "म्हणजे काय?" तो म्हणाला.

"म्हणजे हा रॉड पाण्यातच नव्हता," इरफान म्हणाला. "चाचा खरं बोलतायत."

मी पाइपातून तिचा रॉड काढला. सकाळी त्याला लावलेला लूअर अजून कडीत होता. लाल डोक्याचा, पांढऱ्या अंगाचा. कातळावर आपटून त्याचा एक डोळा उडाला होता, पण पोटावर त्या जिताड्याच्या दातांनी घासलेला रंग होता.

आदल्या दिवशी भरून आलेले दिनेशचे डोळे आता कोरडे होते. तो खुर्चीवरून उतरला आणि स्वयंपाकघरात गेला. आत मायलेक हलक्या आवाजात बोलले. इरफानने रॉड हातात घेतला, तोलून पाहिला, रिळाचं हँडल फिरवून दोरी किती येते ते बोटांनी मोजलं. मग रॉडकडेच पाहत म्हणाला, "बोटीवर मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"नशीब म्हणालात."

"हो."

त्याने रॉड दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. "चाची हुशार होत्या," म्हणाला. माझ्याबद्दल काही म्हणाला नाही.

दुपारी जिताडा होता, बाजारातून आणलेला. वहिनी स्वतः वाढायला आल्या. डोकं त्यांनी कुणालाच वाढलं नाही, पातेल्यात राहू दिलं. माझ्या ताटात शेपटीचा तुकडा वाढला, काट्यांचा, बारका. इतक्या वर्षांत त्या घरात मला शेपटी पहिल्यांदा मिळाली. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"त्या दिशी वयनीला मी शेपटीच वाढली व्हती," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं."

मी खाल्ली. काटे काढत खायला वेळ लागला. तोवर कुणी उठलं नाही.

मग पट्टीचं बघायला बसलो. दिनेश म्हणाला, काकींचा फोटो द्या, हा काढून तोच लावतो. मी मोबाइल उघडला. लग्नांतले फोटो होते, देवळांपुढचे, मुलीच्या घरचे, गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतानाचा एक. रॉड हातात असलेला एकही नव्हता. किनाऱ्यावर कॅमेरा नेहमी तिच्याकडे असायचा, कारण फोटो माझे काढायचे असत. दिनेशने माझ्या हातातून मोबाइल घेऊन पुन्हा पहिल्यापासून सरकवून पाहिला. मग परत दिला.

शेवटी तोच फोटो ठेवायचं ठरलं. मी नको म्हणत होतो, पण वहिनी म्हणाल्या, राहू द्या, बघतील लोक. दिनेशने जुनी पट्टी उचकटली आणि नव्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने मी सांगितलं तसं लिहिलं: हा जिताडा शालनने धरला, साडेसहा फुटी रॉड, पाचचं रीळ, गुडघाभर पाण्यात उभं राहून. फोटोतल्या माणसाने जाळी धरली होती. इरफानने शेवटी आपल्या मनाने एक बाण काढला, निळ्या लूअरकडे दाखवणारा.

परतताना

परतीला पुन्हा फेरी घेतली. दिघीच्या धक्क्यावर बोट यायची होती. पाइप मांडीवर आडवा ठेवून मी बाकावर बसलो होतो. फोन वाजला. कल्याणचा कुणी तरुण होता. मागच्या पावसाळ्याआधी खानावळीत उतरला होता, आता रॉड घ्यायला दुकानात उभा होता. मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"काका, तो फोटोतलाच घेतो. नऊ फुटी ना?"

मी विचारलं, उभे कुठे राहणार? तो म्हणाला, खाडीत, पाण्यात उतरून. उंची विचारली. मग मी म्हटलं, साडेसहा फुटी घ्या, आणि रीळ पाचचं.

"पण तुमचा जिताडा तर नऊ फुटीवर—"

"तो माझा नाही. माझ्या बायकोचा आहे. तिच्या आखूड रॉडवरचा."

तो हसला. काका गंमत करतायत, असं शेजारच्या कुणाला तरी सांगितलं, आणि तोही हसला. बोट धक्क्याला लागत होती, साखळ्या वाजत होत्या. त्यांचं हसणं पुरतं थांबेपर्यंत थांबलो. मग त्याला म्हटलं, जरा दुकानाच्या बाहेर या, नीट ऐकू येईल अशा जागी, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.